साळवेकाकांचे इळे

साळवेकाका ऐन थंडीतही टेबलफॅन लावून झोपायचे. फॅनचं तोंड भिंतीकडे. वारा नको असायचा, आवाज हवा असायचा. कोल्हारला त्यांच्या दोन खोल्यांत मी पहिल्यांदा मुक्काम केला, तेव्हा बाहेर ऊस गारठलेला, अंगावर दोन गोधड्या, आणि कोपऱ्यात हा फॅन घरघरतोय. मी उठून बंद करायला गेलो तर अंधारातून आवाज आला, "राहू दे सलीम. इंजिन बंद पडलं की मानूस दचकून जागा हुतो."

वामन साळवे हे त्यांचं नाव. आधी नौदलात होते, तिथली पेन्शन बसल्यावर टुना पकडणाऱ्या बोटीवर लागले. समुद्रात टुना कुठे आहे ते दाखवणारं यंत्र ते चालवायचे. फिश फाइंडर. आमच्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे कॅनॉलला सुटलेलं आवर्तन, नाहीतर टँकर. त्यामुळे गावात त्यांचं काम नेमकं कुणालाच कळलं नव्हतं. काही जण त्यांना कॅप्टन म्हणत, काही जण मासेवाले. ते दोन्ही नव्हते. मासे तर ते खातही नसत. "ज्याला दिसभर बघायचं त्याला ताटात कशाला बघायचं," एवढंच म्हणायचे.

माझी त्यांची ओळख गावात झाली नाही. देवळाली प्रवरा ते कोल्हार एस.टी.नं जेमतेम तासाची वाट, पण आम्ही भेटलो ते केरळच्या किनाऱ्यापासून फार दूर, भर समुद्रात. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. माझ्या वडिलांचं देवळालीत सायकलचं दुकान होतं, आणि मी वायरलेसचा कोर्स करून त्याच बोटीवर रेडिओ ऑपरेटर म्हणून लागलो होतो. पहिल्याच दिवशी कठड्याला धरून ओकत होतो. मागून कुणीतरी माझ्या हातावर अर्धं लिंबू ठेवलं.

"हे चोख. अन् खाली बघू नगं. लांब बघ."

ते 'नगं' ऐकलं आणि मी ओकारी विसरलो. "तुम्ही कुठले?"

"नगर जिल्हा."

"नगरमध्ये कुठं?"

"कोल्हार."

"मी देवळाली प्रवराचा!"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हंजे फॅक्टरीचा भोंगा ऐकून मोठा झालास की," म्हणाले, आणि त्यांच्या काळ्यासावळ्या, रुंद चेहऱ्यावर जे हसू आलं ते मला अजून दिसतं. बोटीवर केरळी, तमिळ, बंगाली अशी माणसं होती. मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणायला लागलो.

सुकाणूच्या खोलीमागे त्यांची जागा होती. अंगणातल्या न्हाणीएवढी, तिला जाड पडदा. आत एक स्टूल आणि मशीन. उजेडात मशीनचा पडदा नीट दिसत नाही म्हणून काका दिवसभर त्या काळोखात बसायचे. मशीन कसं चालतं ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. बोटीच्या तळाला एक डबी बसवलेली असते. ती पाण्यात खाली टिक टिक असा आवाज सोडते. आवाज खाली जातो, वाटेत कशाला आपटला तर परत येतो. किती वेळानं परत आला त्यावरून खोली कळते, आणि काय परत आलं ते पडद्यावर रंगात उमटतं. खोल समुद्रात तळ लागतच नाही, म्हणून पडदा बहुतेक वेळ नुसता निळा. तासन् तास निळा. मी दहा मिनिटांत कंटाळायचो. काका तसेच बसलेले, गुडघ्यांवर हात, एखाद्याच्या घरी बसायला गेल्यासारखे.

"टुना लई मानी मासा हाय," ते सांगायचे. "बाकीचं मासं आवाजाला लगेच ओ देत्यात. ह्याची ओ बारीक येती. म्हनून आधी त्येचं खाणं शोधायचं."

म्हणजे लहान माशांचा थवा. तो पडद्यावर पिवळ्या-हिरव्या ढगासारखा दिसे. ढग दिसला की काका स्टूलवर पुढे सरकत. मग ढगाच्या खाली, बाजूला, एकेक बारीक वाकडी रेघ उमटायला लागे. मोठा मासा बोटीखालून जाताना त्याची अशी कमान उमटते. इंग्रजीत तिला काही नाव आहे, पण काकांना त्यात गवत कापायचा विळा, त्यांच्या बोलीत इळा, दिसला होता. कमान दिसली की ते दाराचा पडदा बाजूला सारून ओरडत, "इळे! इळे आले!"

अख्ख्या बोटीनं तो शब्द उचलला होता. आमचा कप्तान जोसेफ कोचीनचा. तो सकाळी चहा पिता पिता विचारायचा, "साळवे, आज इळे है?" आणि मुरुगन नावाचा तमिळ खलाशी तर गळ बांधता बांधता "इळे, इळे" असं गाणंच म्हणायचा. काका किती वाव खोल ते सांगत, त्याप्रमाणे मैलोगणती लांब दोर पाण्यात सोडला जाई, त्याला ठरावीक अंतरावर गळ. सोडायला दोन-तीन तास, ओढायला उरलेला दिवस.

संध्याकाळी मात्र ते मला मुद्दाम बोलवायचे. दिवस बुडायला लागला की पडद्याच्या अगदी तळाला एक पट्टा दिसे आणि तो हळूहळू वर चढायला लागे. नवख्याला वाटावं समुद्राचा तळच वर येतोय. ते असतात बारीक जीव. दिवसा खोल अंधारात राहतात, अंधार पडला की खायला वर येतात.

"बघ," काका हळू आवाजात म्हणायचे, "गुरं घरला निघाली."

आणि तो पट्टा वर पोचेपर्यंत पडद्यावरून नजर हलवायचे नाहीत. त्या वेळी त्यांच्या घरी, कोल्हारला, सुमनकाकू आणि त्यांची एकुलती मुलगी वैशाली जेवायला बसलेल्या असणार, हे ते सांगत नसत. पण मला कळे, कारण माझ्याही डोळ्यापुढे तेव्हा आमची चूल यायची.

सुमनकाकूंना मी एकदाच पाहिलं. सुट्टीत काका मला घरी घेऊन गेले होते तेव्हा. ठेंगणी, चटपटीत बाई. घरात शिरल्या शिरल्या मला म्हणाल्या, "तुमी तरी सांगा बाबा, हे तिकडं करत्यात काय? मला तर सांगत्यात नुसतं टीव्ही बघतो."

काका त्यांना मळ्याच्या विहिरीवर घेऊन गेले. मी आणि वैशाली मागे. विहिरीत वाकून काकांनी हाक मारली, "ओऽऽ सुमन!" खालून आवाज परत आला. "आता कळलं? आवाज सोडायचा अन् परत यायची वाट बघायची."

काकूंनी काठावर उभ्या राहून विहिरीत डोकावून बघितलं. "म्हंजे तुमी समिंदराला हाका मारता," त्या म्हणाल्या, "अन् इकडं आमी हाका मारतो त्या तुमाला ऐकू येत न्हाईत."

सगळे हसलो. काकाही हसले. वैशाली तेव्हा अकरावीत असेल. ती आईकडे बघून हसली, वडिलांकडे नाही. एवढं मात्र माझ्या लक्षात राहिलं.

त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. त्या फेरीत मासा लागतच नव्हता. रोज दोर टाकायचा, रोज ओढायचा, आणि गळाला एखादा शार्क, बाकी काही नाही. बर्फ वितळत चाललेला, डिझेल संपत चाललेलं. माणसं एकमेकांवर खेकसायला लागली होती. कप्तान तर काकांच्या कोठडीबाहेर येऊन नुसता उभा राहायचा.

रोज सकाळी ठरल्या वेळी मी ऑफिसशी बोलायचो. त्या सकाळी हवामान सांगून झाल्यावर तिकडचा माणूस म्हणाला की साळवेंना निरोप आहे. कोल्हारहून फोन आला होता. काल संध्याकाळी त्यांची पत्नी वारली.

मी दोनदा विचारलं. रेडिओच्या खरखरीत दोनदा तेच ऐकू आलं.

काका बाहेर पिंपावर बसून चहा पीत होते. "चहा झाला का काका?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "झाला. बोल."

मी सांगितलं. त्यांनी कप लगेच खाली ठेवला नाही. उठले, आत गेले, तो घसरणार नाही अशा खाचेत नीट बसवला आणि परत आले.

"कशानं?"

"छातीत कळ आली म्हणे. दवाखान्यात नेईपर्यंत..."

"पोरगी कुनापाशी हाय?"

"मामा आलेत तिचे."

ते समुद्राकडे बघत राहिले. मग विचारलं, "कप्तानाला सांगितलंस?"

"नाही. आधी तुम्हाला."

"मग सांगू नगं."

"काका, कप्तान बोट वळवेल. चांगला माणूस आहे तो."

"वळवंल. म्हनून तर म्हनतो." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "किनारा गाठायलाच किती दिस लागतील. माती आज हुईल तिची. मी जाऊन तोंड कुनाचं बघनार? अन् ही पोरं परत एकदा रिकाम्या हातानं जातील. आजचा दोर टाकू दे. सांजच्याला मीच सांगतो."

"आज तुम्ही मशिनीवर बसू नका. पडून राहा. तब्येत बरी नाही म्हणून मी सांगतो कप्तानला."

"पडून काय करू?" ते म्हणाले. ते रागानं नव्हतं. खरोखरच त्यांना काही सुचत नव्हतं. मग ते कोठडीत गेले आणि पडदा ओढून घेतला.

मी रेडिओपाशी बसून राहिलो. पडद्यापलीकडून काहीच आवाज येत नव्हता. रडण्याचा नाही, खोकण्याचाही नाही. एकदा मी चहा घेऊन आत गेलो, तर ते तसेच बसलेले होते, गुडघ्यांवर हात, समोर निळा पडदा. मी कप ठेवला आणि बाहेर आलो.

ऊन वर चढल्यावर पडदा सरकला.

"इळे," काका म्हणाले. कुणाला ऐकूच गेलं नाही. मग त्यांनी अंगातला सगळा जोर काढून हाक दिली, "इळे आले! ए मुरुगन! इळे!"

कप्तान आत धावला, मीही मागोमाग. असा पडदा मी परत कधी पाहिला नाही. वर दाट पिवळा ढग, आणि त्याच्याखाली कमानीवर कमान, एकीत एक अडकलेल्या. काका बोट टेकवून खोली सांगत होते, थवा कुठल्या अंगाला सरकतोय ते सांगत होते.

दुपारनंतर दोर ओढायला घेतला. पहिलाच टुना माणसाएवढा आला. मग दुसरा. मग मोजायचं भान कुणाला राहिलं नाही. निळ्या पाठी, पिवळे पर, रक्तानं आणि पाण्यानं माखलेला डेक, आणि इतक्या दिवसांनी हसणारी माणसं. उन्हं कलली तेव्हा मुरुगन हात न धुताच कोठडीत घुसला, काकांना ओढत बाहेर आणलं आणि सरळ खांद्यावर उचललं. कुणी त्यांच्या डोक्याला टॉवेलचा फेटा बांधला. बंगाली खानसाम्यानं पातेलं वाजवायला सुरुवात केली. "साळवे! इळे! साळवे! इळे!" असा गजर चालला होता आणि मुरुगन त्यांना घेऊन डेकभर नाचत होता.

आणि काका हसत होते. मी समोरच उभा होतो. ते हसत होते, नवरदेवासारखा एक हात वर केला होता, कारण पोरं हात वर करा म्हणून ओरडत होती. त्या सगळ्या गर्दीत त्यांची नजर माझ्यावर आली आणि तशीच पुढे गेली, जणू मीही ओळखीचा नव्हतो.

थोड्या वेळानं त्यांनी मुरुगनच्या डोक्यावर थोपटलं. खाली उतरव म्हणून. डोक्याचा फेटा सोडला, टॉवेलची घडी केली, ती ज्याची त्याला दिली आणि कप्तानापाशी जाऊन दोन वाक्यं बोलले.

जोसेफनं टोपी काढली. "सुबह से?" त्यानं विचारलं. "सुबह से मालूम था? क्यों नहीं बोला, साळवे?"

खानसाम्याचं पातेलं थांबलं. काय झालं ते एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आपापल्या भाषेत. मुरुगनला सगळ्यात शेवटी कळलं. तो माशांच्या ढिगाशेजारी मटकन खाली बसला आणि ज्या खांद्यावर काकांना घेतलं होतं त्या खांद्यावर स्वतःच बुक्क्या मारून घ्यायला लागला. काकांनीच त्याला जवळ घेतलं. कप्तानानं बोट वळवली.

कोल्हारला मी त्यांच्याबरोबर गेलो. पोचलो तेव्हा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही उरकला होता. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीशेजारी काकूंचा फोटो होता, हार सुकलेला. वैशाली मामाशेजारी बसली होती. उठली नाही.

काका फोटोसमोर बसले. मग तिनंच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

मला राहवलं नाही. "वैशाली, तिथं रेडिओ नीट लागत नाही गं, खूप वेळा तर..."

"लागत हुता," काका म्हणाले. "दुसऱ्या दिशी सकाळीच कळलं."

"मग काय केलंत?"

माणूस अशा वेळी दहा गोष्टी सांगू शकतो. समुद्र खवळला होता, बोट बिघडली होती, मी बेशुद्ध पडलो. तिथं साक्षीदार मीच होतो, आणि मी काहीही म्हणायला तयार होतो. काकांनी मुलीकडे सरळ बघितलं.

"मशिनीवर बसलो. मासं घावलं त्या दिशी लई."

वैशालीनं मान खाली घातली नाही की आवाज चढवला नाही. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मामाबरोबर श्रीरामपूरला निघून गेली. पुढे नर्सिंगचा कोर्स केला, नगरला नोकरी धरली. वडिलांशी ती कित्येक वर्षं एक शब्द बोलली नाही.

मला एस.टी.वर पोचवायला ते आले, तेव्हा मी रस्त्यात त्यांना म्हणालो होतो, "खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

"तिची आई गेली," ते म्हणाले. "तिला निदान खरं तरी मिळू दे माज्याकडून."

आणखी एक-दोन फेऱ्या करून काकांनी बोट सोडली. मीही सोडली आणि देवळालीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. सवड मिळाली की कोल्हारला जायचो. ते एकटेच असत. भाकरी स्वतः थापत, कपडे दोरीवर खलाशासारखे गाठ मारून वाळत घालत. वैशालीला सणासुदीला निरोप पाठवत. उत्तर यायचं नाही. त्याबद्दल माझ्यापाशी एकदाही तक्रार केली नाही.

माणसं मात्र त्यांच्याकडे भलत्याच कामासाठी यायला लागली होती. एकदा मी बसलेलो असताना एक बागायतदार जीप घेऊन आला. सोबत हार, नारळ.

"साळवेसाहेब, तेवढी मशीन घिऊन चला. बोअर मारायचीय. पानी कुठं हाय तेवढं दावा."

काका म्हणाले, "मशीन बोटीवर राहिली. अन् ती पान्यातला मासा दावती, जमिनीतलं पानी न्हाई दावत."

"असं कसं? पान्यातला मासा दिसतो म्हंजे पानी आधी दिसत आसंल का न्हाई?"

आता याला काय उत्तर देणार? काकांनी समजावून पाहिलं. तो माणूस चिडला. आमच्याकडं पैका न्हाई का, का आमाला द्यायचंच न्हाई, असं बडबडत नारळ परत घेऊन गेला. जीप गेल्यावर काका पोट धरून हसले. मीही हसलो. मग हसू ओसरल्यावर त्यांनी रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "इथं एकाला तरी ठावं आसायला पायजे हुतं रं, मी काय काम करत हुतो ते."

एकीला ठाऊक होतं. विहिरीच्या काठावर उभं राहून तिला कळलं होतं. पण ते मी बोललो नाही.

वैशाली माझ्या दुकानात आली ती अगदी अचानक. लग्न झालं होतं, कडेवर तान्हं मूल. नवऱ्याच्या कुणा नातेवाइकाकडे देवळालीला आली होती. आधी उगीच रेडिओच्या किमती विचारल्या. मग म्हणाली, "सलीमभाऊ, त्या दिवशी तुम्ही तिथं होतात ना?"

"होतो."

"ते कसे होते त्या दिवशी?"

मी तिला सगळं सांगितलं. चहाचा कप कसा खाचेत ठेवला ते. बोट वळू नये म्हणून मला गप्प कसं केलं ते. दिवसभर पडद्यामागून आवाज आला नाही ते. मुरुगननं खांद्यावर घेऊन नाचवलं आणि ते हात वर करून हसले, तेही सांगितलं. ती ऐकत होती, मुलाच्या पाठीवर हात फिरवत होती.

"हे मला त्यांनी का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस तेवढं त्यांनी सांगितलं."

"मला वाटलं, त्यांना काहीच वाटलं नाही," एवढंच म्हणाली आणि मुलाचं टोपडं सारखं करून निघून गेली. ती नगरला जाणार की कोल्हारला ते मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी शिर्डीहून परत येत होतो. एस.टी. कोल्हारला थांबली. भर दुपार, गाडीत पाय ठेवायला जागा नाही. चढणाऱ्यांच्या रेटारेटीत एक बाई मुलाला सावरत आत आली आणि पलीकडच्या बाजूला कुणीतरी उठून दिलेल्या जागेवर बसली. वैशाली होती. मी हाक मारणार, तेवढ्यात खाली उन्हात काका दिसले.

ते तिला पोचवायला आले असणार. हातात एक पिशवी होती, ती द्यायची राहिली होती बहुतेक. ते गाडीच्या एका टोकापासून एकेका खिडकीपाशी थांबत, डोळ्यांवर हात धरून आत बघत होते. बाहेरच्या उन्हातून आतली माणसं दिसत नसावीत. माझ्या खिडकीतही त्यांनी बघितलं. मी "काका" म्हणालो, पण इंजिन सुरू झालं होतं आणि ते पुढच्या खिडकीकडे सरकले होते.

वैशाली उठली. मूल शेजारच्या म्हातारीच्या मांडीवर ठेवलं, दोन माणसांना ओलांडून या बाजूच्या खिडकीपर्यंत आली आणि गजांतून हात बाहेर काढला.

"बाबा, इकडं. मी इकडंय."

त्यांनी पिशवी वर दिली. तिनं ती घेतली, पण हात आत घेतला नाही. त्यांनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला.

"ऊन लागतंय," ती म्हणाली. "जा आता घरी."

"व्हय. जातो."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली, हात सुटले. मी मागे वळून मागच्या काचेतून बघत राहिलो. गाडी प्रवरेच्या पुलावर चढली तरी साळवेकाका भर रस्त्यात उन्हात उभे होते, जातो म्हणाले होते तरी.